मृग आणि आर्द्रा यांच्यामध्ये : शिंद्यांच्या छावणीतील परसबागेचा इतिहास



या व्याख्यानमालेतील यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी शाळेच्या चालकांचा मनःपूर्वक आभारी आहे. ग्वाल्हेरीत इतिहासावर बोलायचे म्हटले की लढाया, तह आणि राजवंश हे विषय आपण होऊन पुढे येतात. मी आज त्यांना बाजूस ठेवून घराच्या मागच्या अंगणाबद्दल, म्हणजे परसबागेबद्दल बोलणार आहे. त्यातही तिच्या बहराबद्दल न बोलता, उन्हाळा सरत आला असूनही पाऊस येत नाही अशा, तिच्या सर्वांत कठीण दिवसांबद्दल बोलणार आहे.

या निवडीला एक वैयक्तिक कारण आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांची माझ्या पिढीला खरी ओळख वर्गात झाली नाही. ती उन्हाळ्याच्या सुटीत, शाळेच्या हौदापाशी झाली. डोक्याला ओला पंचा गुंडाळून ते पहाटे साडेपाचला झाडांना पाणी घालीत, आणि जो विद्यार्थी तेथे दिसेल त्याच्या हाती बादली देत. एकदा मी विचारले, “गुरुजी, पाऊस आता आठवड्याभरात येईलच, मग एवढी धडपड कशाला?” ते म्हणाले, “अरे, झाड मरते ते याच आठवड्यात.” त्या वेळी मला ते फक्त झाडाविषयीचे बोलणे वाटले. पुढे या शहराचा इतिहास शिकवताना ते मला वारंवार आठवत गेले.

१. दोन पंचांगे

महाराष्ट्रातून येथे आलेल्या माणसाचे पंचांग पाऊस कोठे येतो यावर बेतलेले होते. सूर्य ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात प्रवेश करतो. कोकणात आणि देशावर मृग म्हणजे पावसाचा आरंभ. पेरणी मृगावर, घर शाकारणे मृगाच्या आधी, लोणच्याच्या बरण्या भरणे मृगाच्या आधी, अशी सारी कामे त्या एका नक्षत्राभोवती फिरतात. सोलापूरचे दाते पंचांग आजही मराठी घरांतून पाहिले जाते, आणि त्यात पर्जन्यनक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची हौस ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही होती.

परंतु ग्वाल्हेरच्या आकाशाला हे पंचांग मान्य नाही. मोसमी पाऊस येथे साधारणपणे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, काही वर्षी जुलैच्या आरंभी पोहोचतो. येथील शेतकऱ्याची दृष्टी मृगाकडे नसते. ती २१-२२ जूनच्या सुमारास लागणाऱ्या आर्द्रेकडे, त्याच्या भाषेत ‘अद्रा’कडे असते. त्याआधी, मेच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवसांचा ‘नौतपा’ येतो. पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पश्चिमेकडून ‘लू’ वाहते, आणि दुपार कलल्यावर एखादे दिवशी ‘आँधी’ उठून सारे शहर धुळीने माखते. महाराष्ट्रात ज्या दिवशी पहिल्या सरीचा सुगंध येतो, त्या दिवशी येथे विहिरीचा तळ दिसत असतो.

या दोन नक्षत्रांमधील दोन-तीन आठवडे हाच आजचा माझा विषय आहे. देशावरून आलेल्या कुटुंबाच्या हिशेबात हे दिवस नव्हतेच. त्यांचे पंचांग म्हणत होते की पावसाळा लागला; झाडे म्हणत होती की उन्हाळा संपलेला नाही. या कुटुंबांनी झाडांचे ऐकले, आणि त्यातूनच ती या मातीची झाली, असे मला म्हणायचे आहे.

२. छावणी म्हणजे काय

ज्या वस्तीचे नाव आज ‘शिंदे की छावनी’ असे उच्चारले जाते, त्या नावातच सारा इतिहास साठलेला आहे. ‘शिंदे’ हे आडनाव मराठी, ‘की’ हा प्रत्यय हिंदी, आणि ‘छावणी’तील ‘ण’ येथील उच्चारात ‘न’ होऊन गेलेला. छावणी म्हणजे मुळात पावसाळ्यापुरता फौजेचा तळ. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघावे, मुलूखगिरी करावी आणि पावसाळ्यात छावणी करावी, हा मराठी फौजांचा वार्षिक क्रम होता. म्हणजे ज्याला आपण आज मोहल्ला म्हणतो, त्याचे नाव ‘तात्पुरते’ या अर्थाचे आहे.

ही तात्पुरती व्यवस्था कशी असे, याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन उपलब्ध आहे. ब्रिटिश रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी टॉमस ब्रॉटन हा १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या लष्कराबरोबर राजपुतान्यात होता. त्याने लिहिलेली पत्रे १८१३ साली लंडन येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतून दिसते की लष्कर म्हणजे एक चालते शहरच होते. बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्यांची जागा झेंडा रोवून दाखवी, मग ठरलेल्या अंतरावर निरनिराळ्या बाजारांची निशाणे लागत, आणि काही तासांत रस्ते, दुकाने आणि मोहल्ले उभे राहत. मुक्काम हलला की तेच शहर दुसऱ्या माळावर उभे राही. अशा शहरात सर्व काही मिळे. तेथे एक गोष्ट मात्र असू शकत नव्हती, ती म्हणजे झाड.

१८१० च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेकडील मैदानावर तळ दिला, आणि हा तळ मग उठलाच नाही. उज्जैन मागे पडले आणि लष्कर हेच राजधानीचे नाव झाले. तंबूंच्या जागी वाडे आले. आजही या शहरात हिंडताना तो तळ पायांखाली लागतो. कवायती पलटणींच्या ‘कंपू’वरून एका भागाचे नाव कंपू पडले. सरदारांच्या ‘गोटां’ची ‘गोठ’ झाली. ‘चिटणीस की गोठ’ हे नाव त्याची साक्ष देते. ‘वाड्या’चा ‘बाडा’ झाला. दौलतगंज आणि जनकगंज ही नावे राजांची. आणि आपल्या छावणीतच ‘कमलसिंह का बाग’ आहे. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले अटलबिहारी वाजपेयी १९२४ साली ग्वाल्हेरीत जन्मले; त्यांचे घर याच बागेच्या गल्लीत होते. कंपू, गोठ आणि छावनी ही तळाची नावे होत, तर ‘बाग’ हे वस्तीचे नाव. या दोन प्रकारच्या नावांमध्ये जे अंतर आहे ते कोणत्याही तहाने कापलेले नाही. ते कापायला काही पिढ्यांचे पाणी लागले.

परत जाण्याची ओढ पहिल्या पिढ्यांत प्रबळ असली पाहिजे. शिंद्यांचे मूळ गाव साताऱ्याकडील कण्हेरखेड. महादजी उत्तरेत सत्तेच्या शिखरावर असतानाही १७९२ साली पुण्यास परतले, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या आपल्या तळावरच त्यांचे देहावसान झाले. १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून कोकणातील वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे हेही ग्वाल्हेरीकडे आले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि अखेर घरी परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापून निघाले. गोडसे भटजी परत गेले म्हणून त्यांच्याजवळ सांगण्यासारखा प्रवास होता. जे परत गेले नाहीत त्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. त्यांनी आंब्याच्या कोयी लावल्या. रायवळ आंब्याच्या कोयीला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. ती लावणारा माणूस आपण परत जाणार नाही, असे मनोमन ठरवूनच ती लावतो.

३. ज्येष्ठातील कामे

आता प्रत्यक्ष बागेकडे वळू. छावणीतील जुन्या मराठी घराचा परस म्हणजे फार मोठी जागा नव्हे. एका कोपऱ्यात विहीर, तिच्यालगत न्हाणी, मध्ये तुळशीवृंदावन, भिंतीकडेला दोन-चार झाडे आणि मोरीच्या पाण्यावर वाढणारे अळू व केळी. या एवढ्याशा जागेत मृगापासून आर्द्रेपर्यंत जे चाले त्याला शास्त्र म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

पहिले काम निवडीचे. विहिरीत पाणी थोडे आणि तोंडे पुष्कळ. तेव्हा कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवावे लागे. आमच्या घरी आजीचा क्रम ठरलेला होता. प्रथम तुळस. नंतर गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपे, कारण त्यांची मुळे अजून खोल गेलेली नसतात आणि पहिला उन्हाळाच त्यांची परीक्षा असतो. त्यानंतर पत्रीची झाडे. त्यानंतर भाजी. मोठ्या आंब्याला, लिंबाला, बेलाला रोज पाणी नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा, पण आळे भरून. रोज शिंपडलेले थोडे पाणी वरच्या दोन बोटे मातीतच उडून जाते आणि मुळांना वर येण्याची वाईट सवय लावते. सावकाश मुरलेले पाणी मुळांना खाली नेते. हिरवळ वाळली तर वाळू द्यावी, ती पहिल्या सरीला परत येते. आणि कण्हेरीकडे तर पाहायचेच नाही. ती त्या लूतही फुललेली असे.

दुसरे काम झाकण्याचे. वसंतात गळलेला पाला जाळायचा नाही, असा दंडक होता. तो झाडाच्या आळ्यात चार बोटे जाडीचा पसरायचा. त्यामुळे माती तापत नाही आणि ओल टिकते. मात्र खोडाला तो लागू द्यायचा नाही, कारण कोरड्या पाल्याच्या आडोशाने वाळवी खोडावर चढते. म्हणून खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची, खोडाला चुना आणि गेरू लावायचा. कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून पूर्वेच्या भिंतीशी एकमेकींना चिकटवून ठेवायच्या. अबोली आणि शेवंती यांच्यावर गोणपाटाची सावली करायची. शेवंतीचे मूळ रोप या दिवसांत जगले, तरच पावसाळ्यात त्याचे फुटवे लावता येतात आणि पुढे फुले मिळतात. खिडकीला टांगलेला वाळ्याचा पडदा, ज्याला येथे खसाची टट्टी म्हणतात, तो जुना झाला की त्याचीही रवानगी बागेत होई.

तिसरे काम ठिबकण्याचे. ठिबक सिंचन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे देवाला गळती बांधण्याची पद्धत आहे. उज्जैनच्या महाकाळेश्वरावर उत्तरेकडील गणनेच्या वैशाख-ज्येष्ठ महिन्यांत पाण्याची मडकी टांगून संततधार धरतात, तिला गलंतिका म्हणतात. हे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारले, हे आपणांस ठाऊक आहेच. मराठी घरांत तीच गळती तुळशीवर बांधली जाई. बुडाला बारीक भोक पाडलेले मडके, भोकात दर्भाची काडी किंवा कापडाची वात, आणि खाली तुळस. नव्या रोपाजवळ झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवण्याची युक्ती याच्याच जवळची. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते ते भोवतीची माती कोरडी असेल तेवढेच. माती ओली झाली की पाझर मंदावतो. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील एका शेतीग्रंथात हीच रीत सांगितलेली आहे. भक्तीने जे मडके देवावर टांगले ते काटकसरीने झाडाशी पुरले. दोन्हीमागील ज्ञान एकच आहे.

चौथे काम थांबण्याचे, आणि तेच बहुधा सर्वांत अवघड. या दिवसांत छाटणी करू नये, खत घालू नये, रोप हलवू नये. तापलेल्या झाडाला खत म्हणजे तापाच्या रोग्याला मेजवानी. झाडाची पाने दुपारी माना टाकतात म्हणून भर उन्हात पाणी ओतू नये. सायंकाळी ती सावरतात की नाही ते पाहावे, आणि न सावरली तरच पहाटे पाणी द्यावे. परंतु थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. नव्या झाडांसाठी वैशाखात हातभर रुंद व तितकेच खोल खड्डे खणलेले असत, आंब्यासाठी त्याच्या दुप्पट. ऊन त्यांच्या तळापर्यंत पोहोचून किडींचा नाश झालेला असे. आर्द्रेच्या आधी त्यांत कुजलेले शेणखत आणि माती भरून ठेवायची. दुधी, दोडका आणि कारली यांचे बी पुरचुंडीतून काढून निवडायचे. कडुनिंबाखाली पडू लागलेल्या निंबोळ्या गोळा करायच्या. म्हणजे पहिली सर येईल त्या दिवशी बाग तयार असली पाहिजे.

ही कामे कोण करी, हेही इतिहासाने विचारले पाहिजे. आपण आजीचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. परसबाग ही बव्हंशी घरातील स्त्रियांची निर्मिती. परंतु मोठ्या वाड्यांतून विहिरीचे पाणी ओढणारा पाणक्या असे, रस्त्यावर पखाल घेऊन भिश्ती असे, आणि आळी करणारा माळी असे. बहुतेक वेळा हे लोक येथल्या मातीतले होते. मृगावर विसंबू नये, अद्रा पाहावी, हे देशावरून आलेल्या धनिणीला कोणी शिकवले असेल, तर याच लोकांनी. त्यांची नावे दप्तरांत नाहीत. त्यांची विद्या मात्र आपल्या घरांत आजीची विद्या म्हणून चालत आली.

४. त्या तीन आठवड्यांतील १८५८

या दिवसांची दाहकता आपल्या इतिहासातील एका मोठ्या प्रसंगाशी जोडलेली आहे, आणि तो प्रसंग वगळून पुढे जाणे उचित होणार नाही. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव आग्र्याकडे गेले. ३ जूनला फुलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला. १७ जूनला कोटा की सराईजवळ लढाई झाली. राणीच्या मृत्यूची तिथी इंग्रजी कागदांत बहुधा १७ जून, तर आपल्या परंपरेत १८ जून अशी मानली जाते. २० जूनला किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. म्हणजे हे सारे नाट्य पावसाआधीच्या त्या तीन आठवड्यांतच घडले. सर ह्यू रोजच्या सैन्यातील माणसे लू लागून कोसळत होती. खुद्द रोजला या मोहिमेत उन्हाचा तडाखा एकाहून अधिक वेळा बसला होता.

परंपरा सांगते की घायाळ राणीला बाबा गंगादासांच्या आश्रमाच्या आवारात आणले, आणि तेथेच घाईने अग्निसंस्कार झाला. आज फुलबागेजवळ जेथे समाधी आहे, तेथे बाग आहे. दरवर्षी जूनच्या मध्यावर आपण तेथे फुले वाहतो. शाळेत असताना त्या फुलांची जबाबदारी आमच्या वर्गाकडे असे, आणि गुरुजींचा आग्रह असे की ती बाजारातून आणायची नाहीत. जूनच्या त्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या परसात मोगरा, येथील भाषेत बेला, आणि कण्हेर याखेरीज फारसे काही फुललेले नसते. त्या ओंजळभर मोगऱ्यासाठी महिनाभर पाणी घालावे लागते, हे आम्हांला तेव्हा कळले.

५. पाण्याचा प्रश्न

लष्कराच्या मधून स्वर्णरेखा नदी वाहते, किंवा वाहत असे. उन्हाळ्यात तिचा भरवसा नव्हताच. घरोघरच्या विहिरी हाच आधार होता. शहर वाढले तसा तो अपुरा पडू लागला. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत सांक नदीवर तिग्रा येथे धरण बांधले गेले ते १९१६ साली. पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपल्यामुळे १९ ऑगस्ट १९१७ रोजी ते फुटले आणि खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. ज्या शहराला जूनमध्ये घोटभर पाण्याची चिंता, त्याच्यावर ऑगस्टमध्ये पाण्यानेच हा घाला घातला. धरण पुन्हा बांधण्यात आले. सर विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर १९०३ साली प्रथम बसवलेली स्वयंचलित दारे तिग्रा येथेही बसवली गेली. पुण्याची विद्या येथे येत राहिली, ती फौजेबरोबर आली तशी नळाबरोबरही आली.

नळ आला आणि परसबागेचे स्वरूप बदलले. पाणी ओढावे लागत नाही, म्हणून मोजावेही लागेनासे झाले. पूर्वी न्हाणीचे पाणी शिकेकाईचे. ते सरळ केळीला आणि अळवाला जाई. आता ते साबणाचे झाले आणि गटारात गेले. विहिरीची निगा राखण्याचे कारण उरले नाही.

येथे मला आमच्या घरची एक चूक सांगितली पाहिजे. १९८७ चा पाऊस देशभर हुकला. १९८८ च्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यातील विहीर मेच्या अखेरीस कोरडी पडली. वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की गाळ काढावा. आम्हां भावंडांचे म्हणणे पडले की नळ आहे, विहीर कशाला? मी इतिहास शिकवीत होतो, तरी मीही त्यांच्याच बाजूने बोललो. विहीर बुजवली, तिच्यावर खोली काढली, अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी केली. पणजोबांनी लावलेला आंबा मध्ये उभा होता. त्याच्या खोडापर्यंत फरशी आली. पाऊस पडत होता, पण पाणी मुरायला जागा नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात, मृग लागून गेल्यावर आणि पाऊस येण्याच्या आधी, तो वाळला. गुरुजींचे वाक्य मला त्या दिवशी समजले. त्याला अखेरच्या आठवड्याने मारले असे वरवर दिसले तरी खरे कारण तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच्या हातांनी घातलेले होते.

६. एका वडाची दोन पूजने

मग परसबागेने आपल्याला काय दिले? माझ्या मते तिने दोन पंचांगांना एका अंगणात नांदायला शिकवले. याचे सर्वांत सुंदर उदाहरण वडाचे आहे. येथील हिंदी भाषक स्त्रिया वटसावित्रीचे व्रत ज्येष्ठ अमावास्येला करतात. मराठी स्त्रिया ज्येष्ठ पौर्णिमेला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे त्यांची ज्येष्ठ अमावास्या ती आपली वैशाख अमावास्या. ती आधी येते, आणि पंधरा दिवसांनी आपली पौर्णिमा. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन अखेरीस एकाच वडाला दोनदा सूत गुंडाळले जाते आणि दोनदा पाणी मिळते. आमच्या गल्लीत शेजारणी एकमेकींच्या पूजेला पाण्याची कळशी घेऊन जात. वडाला कोणते पंचांग खरे हा प्रश्न पडला नाही.

पत्रीचेही तसेच. श्रावणात मंगळागौर आणि भाद्रपदात गणपती यांना नाना झाडांची पाने लागतात. महाराष्ट्रात ती बाजारात मिळतात. येथे ती घरी जगवावी लागली. आघाडा, माका, दूर्वा पावसाबरोबर आपण होऊन येतात. पण जाई, डाळिंब, बेल, मरवा यांना उन्हाळा पार करून न्यावा लागतो. म्हणून भाद्रपदाच्या चतुर्थीची तयारी ज्येष्ठात होत असे. जी गोष्ट तेथे सहज होती ती येथे प्रयत्नाने टिकवावी लागली, आणि प्रयत्नाने टिकवलेली म्हणूनच ती अधिक आपली झाली. भाषेचेही याहून निराळे काय झाले? मराठी येथे पावसावर वाढली नाही. घरांनी आणि शाळांनी तिला कळशी-कळशीने पाणी घातले, तेव्हा ती टिकली.

समारोप

आज छावणीतील जुने वाडे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी बहुमजली इमारती येत आहेत. त्यांना गच्ची आहे, परस नाही. स्वर्णरेखेचा काँक्रीटचा नाला झाला आहे. तिग्र्याचा साठा खालावला की एकदिवसाआड पाणी घेण्याची वेळ शहरावर एकाहून अधिक वेळा आलेली आहे. तेव्हा परसबागेच्या आठवणी काढणे ही निव्वळ हळहळ ठरू नये, असे मला वाटते.

माजी विद्यार्थ्यांपाशी माझे मागणे मोठे नाही. ज्यांच्या घरी अजून विहीर आहे त्यांनी ती बुजवू नये. गच्चीवरील पावसाचे पाणी तिच्यात सोडावे. ज्यांच्या अंगणात झाड आहे त्यांनी त्याच्याभोवती दोन हात माती मोकळी ठेवावी. ज्यांच्यापाशी केवळ गच्ची आहे त्यांनी एक तुळस, एक मोगरा आणि एक कढीपत्ता ठेवावा, आणि त्यांच्या मुलांनी मृगापासून आर्द्रेपर्यंत रोज पहाटे एक तांब्या पाणी मोजून घालावे. आणि शाळेने गुरुजींच्या हौदाभोवतालची बाग सुटीतही विद्यार्थ्यांच्या हाती ठेवावी. इतिहासाचा तास सुटीत बंद असला तरी हा धडा सुटीतच शिकता येतो.

आपल्या पूर्वजांनी येथे झेंडा रोवला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु झेंडे या मैदानावर अनेकांनी रोवले आणि ते उचललेही गेले. छावणीचे गाव झाले ते ज्या दिवशी कोणी एका अनामिक गृहिणीने, मृग कोरडा गेलेला पाहून, पंचांग मिटून ठेवले आणि विहिरीत पोहरा सोडला, त्या दिवशी. त्या गृहिणीला, तिला अद्रा शिकवणाऱ्या पाणक्याला, आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळलेल्या आपल्या गुरुजींना अभिवादन करून मी आपली रजा घेतो.